थंड इंजिनाची दहा मिनिटं

फुंकणी आमच्या गावात मी आणली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोकांना वाटतं की ते यंत्र कुणीतरी वरून आमच्या गळ्यात मारलं. तसं काही नाही. ग्रामसभेत ठराव मी मांडला, वर झालेले हात मी मोजले, आणि 'थोडं थांबून बघू' म्हणणाऱ्या तीन शहाण्या माणसांना खाली बसवलं तेही मीच, आवाज चढवून.

मी नंदकुमार कुशारे. माळसांगवीत मला नंदू मिस्त्री म्हणतात. हायवेला लागून माझं पंप-नोझलचं दुकान आहे. इंजिनात डिझेल ज्या बारीक तोंडातून फवारलं जातं ते नोझल, आणि त्या फवाऱ्याला जोर देतो तो पंप. हे दोन्ही खोलायचं, धुवायचं, बेंचवर लावून तपासायचं आणि पुन्हा सुरात आणायचं, हे काम मी बेचाळीस वर्षं करतोय. बोनेट न उघडता, नुसता कान देऊन, मी 'तिसरं नोझल गळतंय' म्हणायचो आणि तिसरंच निघायचं. लांबलांबचे ट्रकवाले एवढंच बघायला थांबायचे. या कानाचा मला माज होता. माज हा शब्द माझ्या मुलीचा, मयूरीचा आहे. त्या वेळी मला तो झोंबला होता.

मयूरी गावातल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायची. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. माझी बायको शैला जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे मयूरी आणि तिची मुलगी ओवी माझ्याकडेच राहायच्या. घरात आम्ही तिघं. ओवी चार वर्षांची झाली त्या साली आमच्या जुन्या गाडीची मुदत संपली आणि नवी घ्यायची वेळ आली.

तेव्हा बाजारात दोनच रस्ते उरले होते. एक बॅटरीची गाडी. दुसरी स्वच्छ डिझेलची. हे डिझेल जमिनीतून निघत नव्हतं. उसाचं चिपाड तापवून त्याचा वायू करायचा, आणि त्या वायूपासून पुन्हा डिझेलसारखं तेल बांधायचं. त्यात गंधक नाही, घाण वास नाही. हातावर घेतलं तर पाण्यासारखं दिसायचं. लोक त्याला ऊसडिझेल म्हणायचे. आमच्या भागातले कारखाने साखरेपेक्षा त्याच्यावर जास्त चालायला लागले होते. आपल्या उसावर आपली गाडी, असं भाषणात ऐकलं की माझीच छाती फुगायची.

"पप्पा, बॅटरीची घेऊ," मयूरी म्हणाली. "ओवी आहे घरात."

"बॅटरीला वीज येते कुठून? कुठंतरी कोळसा जळतो तेव्हा. म्हणजे आपला धूर तिकडच्या पोरांच्या नाकात. हे बरंय."

"निम्मी वीज आता उन्हाची आहे."

"आणि उरलेली निम्मी?"

तिनं वाद वाढवला नाही. वह्या तपासता तपासता म्हणाली, "तुमचं म्हणणं खोटं नाही. पण तुम्ही काही त्या पोरांसाठी डिझेल घेत नाही आहात. बॅटरीच्या गाडीत तुम्हाला हात घालायला काही नसतं, म्हणून तुम्हाला ती नको."

मी हसलो. पकडला गेलो की मी हसतो, ही माझी जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी शोरूममधल्या माणसानं स्वच्छ डिझेलची गाडी चालू केली, पांढराशुभ्र रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरला आणि दोन मिनिटं गाडी रेस केली. रुमाल जसाच्या तसा. आमच्या धंद्यात ही सगळ्यात मोठी साक्ष. तो रुमाल मी मागून घेतला आणि घरी येऊन मयूरीच्या वह्यांवर ठेवला.

तिनं तो उलटा-सुलटा करून पाहिला. "याच्या छिद्रांतून जे आरपार जातं, तेच फुप्फुसात खोल पोचतं," ती म्हणाली. मग थकल्यासारखी बसली. "पण यातले जाणकार तुम्ही. तुमच्यावर सोडते."

तिनं माझ्यावर सोडलं. पुढं जे झालं त्यात मला हेच वाक्य सगळ्यात जास्त टोचतं.

गाडी खरोखर चांगली होती, हे मी आजही सांगेन. तिच्या पोटात दोन राखणदार होते. एक बारीक जाळी, धुरातली काजळी अडवणारी. दुसरी युरियाच्या पाण्याची फवारणी, जी विषारी वायूचं साध्या हवेत रूपांतर करायची. पण हे दोघंही उष्णतेवर जगणारे. नळी दोनशे अंशांच्या वर तापली की युरियाचं काम सुरू होतं. जाळीतली काजळी जळायला त्याहून जास्त ताप लागतो. गाडी रस्त्यावर धावत असेल तर दोन-तीन मिनिटांत हे सगळं जमून येतं. थंड इंजिन एका जागी घरघरत ठेवलं तर ते जमतच नाही. अर्धवट जळलेल्या डिझेलची वाफ जाळीतूनही निसटते आणि बाहेरच्या गार हवेत तिचे कण बनतात. इतके बारीक की रुमालावर दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत. आणि जाळी तुंबली की गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल ओढून ती जाळायला बघते. उभ्या गाडीनं तसं केलं की त्या कणांचा लोटच्या लोट बाहेर येतो.

गाडी बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी सोय केली होती. थंड इंजिन उभ्या जागी तीन मिनिटं चाललं की गाडी स्वतः बंद व्हायची, आणि पडद्यावर यायचं: 'इंजिन गरम करण्याची गरज नाही. कृपया निघा.'

हे वाचून माझं डोकं सणकलं. मला, नंदू मिस्त्रीला, गाडी सांगणार निघा म्हणून. माझे उस्ताद रशीदचाचा. त्यांच्या हाताखाली मी मालेगावात सहा वर्षं काढली. ते म्हणायचे, डिझेल गाडीला सकाळी दहा मिनिटं द्यायची. माणूस तरी अंथरुणातून उठल्या उठल्या पळतो का? डिझेलवाला प्रत्येक माणूस ही दहा मिनिटं पाळतो. देवाला दिवा लावण्याआधी गाडी चालू करतो. ही चालच आहे आमच्यात, आणि ज्या इंजिनांसाठी ती पडली ती इंजिनं भंगारात जाऊन जमाना झाला, हे मला कळत नव्हतं असंही नाही.

मी दुकानात लॅपटॉप गाडीला जोडला. कंपनीनं कुलूप चांगलं घातलं होतं. मला एक अख्खी दुपार लागली. संध्याकाळी ती तीन मिनिटं मी पुसून टाकली. त्यानंतर गाडी मी म्हणेन तेवढा वेळ उभी चालू राहायची. मयूरीला हे सांगायचं सुचलंही नाही. नोझल साफ केलं की कुणी घरी येऊन सांगतं का?

आमच्याकडे थंडी मोठी. डिसेंबर-जानेवारीत पारा चारवर उतरतो, द्राक्षवाले शेकोट्या पेटवून बागा जगवतात. घराला लागून गाडीचं पोर्च होतं, वारा लागू नये म्हणून मागच्या बाजूनं पत्रा मारलेलं. साडेसहाला मी ओवीला शालीत गुंडाळून उचलायचो आणि गाडीत माझ्या मांडीवर बसवायचो. ब्रेक माझ्या पायाखाली. बटण तिचं.

"दाब."

ती दोन्ही अंगठे लावून दाबायची. इंजिन उचलायचं आणि ती माझ्याकडं अशी बघायची, जणू ते तिनंच बनवलंय.

"आता ऐक. थंड आहे ना, म्हणून त्याचे दात वाजतायत. कडकड, कडकड. ऐकलं?"

"हो."

"आता ऐकत राहा. कधी थांबतात ते तू सांगायचं."

पहिल्या हिवाळ्यात ती उगाच मध्येच सांगायची. दुसऱ्या हिवाळ्यात ती डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, "आबा, झाली गरम." मी काट्याकडं बघायचो. काटा अगदी जिथं पाहिजे तिथं. पाच वर्षांची पोर. मयूरीला हा कान नव्हता, माझ्या बापाला नव्हता. मला वाटलं, चला, हा माझ्याबरोबर जळायचा नाही. सरळ सांगायचं तर दिवसभरातली तीच दहा मिनिटं मी जगायचो. बाकीचा दिवस नुसता काढायचो.

त्याच हिवाळ्यात तिला खोकला लागला.

आधी सर्दी म्हटलं. मग पावसाळ्यातही राहिला. शाळेच्या पळण्याच्या शर्यतीत ती अर्ध्यात खाली बसली. छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला आणि विचारलं, घरात धूर असतो का? चूल? उदबत्त्या?

"आमच्याकडं स्वच्छ डिझेलची गाडी आहे, डॉक्टर," मी म्हणालो. विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

आता धूर नाही तर पोर आजारी का, हे शोधणं आलं. आणि मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या भिंतीला लागून उत्तम गांगुर्डेचं घर. तो माझ्या वर्गातला. बालवाडीपासून आम्ही एका ताटात जेवलेलो. त्याची दुधाची पिकअप जुन्या डिझेलची, पंधरा वर्षं वापरलेली. पहाटे पाचला तो ती चालू करायचा की आमच्या भिंतीवर काळा भपकारा यायचा. डोळ्यांना दिसणारा धूर. यापेक्षा पुरावा काय पाहिजे?

मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणायचा, "बदलणारच हाये रे, पुढच्या साली." मी आमच्या पोर्चची त्याच्या बाजूची तिसरी बाजूही प्लास्टिकचा जाड कागद लावून बंद करून टाकली. त्याचा धूर आत यायला नको म्हणून. वरतून फटी राहिल्या होत्या, त्याही मी गोणपाटानं बुजवल्या.

आणि त्याच सुमाराला फुंकणीची बातमी आली.

यंत्राचं खरं नाव सरकारी आणि लांबलचक होतं. नळीत तोंडानं फुंकायचं असतं, म्हणून चुलीवरच्या फुंकणीचं नाव लोकांनी त्याला दिलं. आपण खोल श्वास सोडतो तेव्हा फुप्फुसाच्या तळातून सूक्ष्म थेंब बाहेर येतात आणि त्यांच्याबरोबर तिथं रुतलेले काही कणही. ते कण काचेच्या एका तुकड्यावर पकडायचे आणि त्यांच्यावर प्रकाशाची तिरीप सोडून त्यांची कुंडली वाचायची. प्रत्येक इंजिन झिजतं आणि आपली झीज धुरात सांडतं. लोखंड किती, ॲल्युमिनियम किती, जाळीवरचे मौल्यवान धातू किती, हे प्रमाण दोन इंजिनांचं कधी सारखं नसतं. पीयूसी काढताना प्रत्येक गाडीच्या धुराचा असा ठसा आता सरकारदरबारी नोंदला जातो. फुंकणी फुप्फुसातला कण त्या ठशांशी ताडून बघते. शिवाय काजळीचे थर कसे बसलेत यावरून ती निघाली तेव्हा इंजिन किती तापलेलं होतं तेही सांगते. थोडक्यात, कुणाच्या छातीत कुणाचा धूर आणि तो कधीचा, हे कागदावर छापून हातात येतं.

मयूरीनं हे मला समजावलं तेव्हा मी टाळीच वाजवली. एका महिन्यात मी ठराव केला. दहा वर्षांखालच्या सगळ्या पोरांची तपासणी. कुणाच्याही छातीत पाच टक्क्यांहून जास्त वाटा असणाऱ्या गाडीचा नंबर पंचायतीच्या फळ्यावर. आणि तपासणी होईपर्यंत ज्या गाडीवर लेखी तक्रार आहे ती उभी. तक्रार मी खिशातूनच नेली होती.

उत्तम सभेत मागं बसला होता. तो उठला. "नंदू, तुला म्हणे आवाजावरून सगळं कळतं. मंग एवढं सांग. पोरीच्या छातीत माझ्याच गाडीचा धूर हाये का?"

"तुझ्याच," मी म्हणालो. सगळ्या गावासमोर.

त्याची पिकअप त्याच आठवड्यात उभी केली. ती वयानं मुदतीपलीकडे होतीच. पुढच्या महिन्यात क्रेननं उचलून नेली. उत्तम भाड्याच्या बॅटरीरिक्षात कॅन घालायला लागला आणि दिसलो की मान वळवायला लागला. मी मनात म्हटलं, वळव. पोर माझी आहे.

पिकअप गेली तरी ओवीची शिट्टी काही कमी झाली नाही. मी म्हणालो, जुना धूर निघायला वेळ लागतो.

तपासणी फेब्रुवारीत झाली, शाळेच्या सभागृहात. तालुक्याहून एक तरुण बाई यंत्र घेऊन आल्या होत्या. पोरं ओळीनं फुंकत होती. ओवीनं गाल फुगवून दोनदा फुंकलं आणि हसली, कारण दुसऱ्यांदा यंत्रावरचा दिवा हिरवा झाला. वीस मिनिटांनी कागद बाहेर आला. मयूरीनं तो उभ्या उभ्या वाचला. मग मुलांचे पेपर वाचते तसा बोट ठेवून पुन्हा वाचला आणि माझ्या हातात दिला.

गांगुर्डे यांची पिकअप, चार टक्के. हायवे, एकोणीस. कारखान्यांच्या चिमण्या, शेकोट्या व इतर, सोळा. आणि एकाच गाडीचे एकसष्ट टक्के. नंबर आमचा. खाली एक ओळ होती: इंजिनाची स्थिती – थंड, गाडी उभी. कालावधी – तीन हिवाळे.

"यंत्र चुकलं," मी म्हणालो. "ही स्वच्छ डिझेलची गाडी आहे. बाई, तुम्ही परत लावा."

बाईंनी परत लावलं. तोच कागद परत आला. "काका, नवल मलाही वाटतंय," त्या म्हणाल्या. "या गाड्यांचा वाटा दोनाच्या वर कधी जात नाही. या तर तीन मिनिटांनी आपोआप बंद पडतात. तुमच्या गाडीतली ती सोय कुणी काढून टाकलीय का?"

सभागृहात माझी माणसं होती. माझ्या दुकानात चहा पिऊन ही गोष्ट कौतुकानं ऐकलेली. त्यातलं कुणीच बोललं नाही, आणि मी खाली बघत होतो, त्यामुळे मयूरीला उत्तर मिळालं.

घरी आल्यावर तिनं ओवीला आत पाठवलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मला वाटायचं, गाडीलाच दहा मिनिटं लागतात," ती म्हणाली. "तुम्ही रोज देताय म्हणजे लागतच असतील."

"मयू, मला काय माहीत की..."

"तुम्हाला माहीत होतं. नळी तापल्याशिवाय काही चालत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंय. आठवीत होते मी." तिनं माझ्या हातातला कागद काढून घेतला. "डिझेल घेतलं याचा मला राग नाही, पप्पा. त्या बाई म्हणाल्या ते ऐकलं ना? दोन टक्के. ते डिझेल खरंच स्वच्छ होतं. मी बॅटरीची मागितली ती नुसती धुराला घाबरून नव्हती. तुमच्या हातांना जास्त घाबरून होती. आणि तेव्हा मी तोंड उघडून तसं म्हटलं नाही, हे आता मला जन्मभर पुरेल."

मी पोर्चमध्ये गेलो आणि गोणपाट उपसायला लागलो.

संध्याकाळी उत्तम आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. मला वाटलं, आता हा थुंकणार, आणि त्यानं थुंकावं असं मलाही वाटत होतं.

"नंदू, माझे चार टक्के हायेत," तो म्हणाला. "पोर माझ्याबी खांद्यावर खेळलेली हाये. चार तर चार, ते माझे. मयूरीला सांग, माझ्याकडून चुकलं. तेवढं सांगायला आलतो."

"उत्तम..."

"तुझ्याशी नाही बोलू राहिलो मी," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पहिला नंबर माझ्या गाडीचा लागला. खडूनं, ठळक. मी तो बघत उभा होतो तर दुकानासमोर थांबलेला एक ट्रकवाला हाका मारत आला. "मिस्त्री, ती तीन मिनिटांची कटकट काढून देता ना तुम्ही? आमच्याकडं सगळे तुमचंच नाव घेतात."

मी त्याला हाकलला. मग बेंचवर बसून आठवायला लागलो, आजवर किती गाड्यांची काढून दिली. ही गोष्ट मी लपवून ठेवली नव्हती, उलट मिरवली होती. एकोणतीसपर्यंत आठवल्या. त्यातल्या अकरा गावातल्या. मी लॅपटॉप घेऊन दारोदार गेलो. सात जणांनी मला हात लावू दिला. दोघांनी दार लावून घेतलं. एक जण म्हणाला, "मिस्त्री, आम्ही गाडी अंगणात लावतो, तुमच्यासारखी खोलीत नाही." आणि एकाच्या घरी त्याची सून बाळाला झबलं घालत होती, ती म्हणाली, "बघा ना काका, याचंही नाक सारखं चोंदतं." फळ्यावरचे नंबर पुढं वाढत गेले, आणि त्यातल्या निम्म्यांखाली खरं नाव माझं होतं. ते तिथं लिहायची सोय नव्हती, एवढंच.

नाशिकच्या डॉक्टरांनी ओवीच्या छातीचं चित्र आम्हाला दाखवलं. गेलेला भाग परत येत नाही, ते म्हणाले. मुलगी शिकेल, मोठी होईल, सगळं करेल. चढ चढताना मात्र तिला थांबावं लागेल, आता आणि नंतरही. कोरड्या थंडीत आणि धुळीत ठेवू नका. मयूरीचं सासर श्रीवर्धनला, समुद्राकाठी. तिनं तिकडच्या शाळेत बदली मागितली आणि ती मिळाली. मला यायला तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या महिन्यात ओवी माझ्याजवळ कमी यायची. मला वाटलं, आईनं सांगितलं असेल. तसं नव्हतं, ते मला शेवटच्या दिवशी कळलं.

निघायचं सकाळी ठरलं होतं. भाड्याची बॅटरीची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली तेव्हा मी आत चहा गाळत होतो. मला ती आल्याचं कळलंसुद्धा नाही. सामान गेलं. मयूरी ड्रायव्हरशेजारी बसली. ओवी मागं, मांडीवर पंपाची पिशवी घेऊन. थंडी अजून सरली नव्हती. मी खिडकीशी वाकलो. तिनं शालीतून हात काढला आणि माझी बाही धरली.

"आबा, शाळेत मुलं म्हणतात, फळ्यावर आपली गाडी पहिली आहे."

"हो."

"सकाळची सकाळची धूर करायची म्हणून."

"हो, बाळा."

तिनं आईकडं बघून आवाज बारीक केला. "पण आबा, बटण तर मीच दाबायचे ना?"

महिनाभर ती हे घेऊन फिरत होती. सात वर्षांची पोर. आणि ती विचारत होती ते खरं होतं. तीन हिवाळे, रोज, दोन अंगठ्यांनी. 'दाब' म्हणणारा मी होतो, दोष माझा आहे, असं मी तिला सांगू शकलो असतो. तिनं मान डोलावली असती आणि अंगठे मुठीत झाकून श्रीवर्धनला नेले असते. मी तिला ओळखतो. ती माझ्यासारखी आहे.

"तुझं बटण जोडलेलंच नव्हतं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे नुसतं खेळायचं. वायर काढून ठेवली होती मी. तू दाबायचीस तेव्हा खालून मी दुसरं दाबायचो."

ती माझ्याकडं बघत राहिली. "रोज?"

"रोज."

"मी गाडी एकदाही सुरू नाही केली?"

"एकदाही नाही."

तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं, ते मी पाहिलं. त्याच्यासाठीच तर बोललो होतो. पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी चढायला लागलं. तिनं माझी बाही सोडली.

"आणि मी 'झाली गरम' म्हणायचे, ते?"

एवढं तरी तिच्यापाशी राहू द्यायचं होतं मला. पण कान खरा म्हटला तर बाकीचंही खरं निघालं असतं. ती हुशार आहे, प्रवासात एकेक धागा उसवून तिनं ते काढलं असतं.

"मी आपला हो म्हणायचो," मी म्हणालो. "तुला बरं वाटावं म्हणून."

मयूरीला खरं माहीत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायची ती. तिनं आरशातून माझ्याकडं पाहिलं, महिन्याभरात पहिल्यांदाच, आणि ते तसंच राहू दिलं.

ओवीनं तोंड पलीकडं फिरवलं. मग हात लांब करून तिच्या बाजूची काच वर घेतली. ते बटण तिचं तिनंच दाबलं.

गाडी निघाली. मी सवयीनं कान देऊन उभा होतो. वळणापर्यंत, आणि वळणाच्या पुढंही. बॅटरीची गाडी होती ती, ऐकू येण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.